नांव आणि नाद

पाश्चात्य संगीतांत अतिशय संथ लयींतल्या रचनेला ‘अडाजिओ’ म्हणतात. क्लॅरिओनेट आणि तंतुवाद्यें यांच्यासाठीं लिहिलेला असा एक अडाजिओ आहे. तो वाजवावयास पांच मिनिटें पुरतात. तंतुवाद्यांच्या मंद साथीवर क्लॅरिओनेट एक लांबच लांब स्वरमाला उलगडीत जातें, आणि ऐकणाऱ्याला आपणहि श्वास रोखून धरला आहे याची जाणीव कांहीं वेळानें होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ही रचना रिचर्ड वाग्नर याच्या नांवानें छापली गेली आणि त्याच नांवानें लोकांपुढें वाजूं लागली. वाग्नर १८३३ सालीं वुर्ट्सबुर्ग येथील नाट्यगृहांत गायकवृंदाचा शिक्षक होता. त्या उमेदवारीच्या दिवसांतली ही त्याची कृति असावी, असा समज होता. पुढें शोधाअंतीं असें निष्पन्न झालें कीं, ही रचना वाग्नरची नव्हेच. हाइन्रिख बेअर्मान या क्लॅरिओनेटवादकानें क्लॅरिओनेट आणि चार तंतुवाद्यें यांच्यासाठीं जीं पंचवाद्यें लिहिलीं, त्यांपैकीं तिसऱ्यांतला, म्हणजे त्याच्या तेविसाव्या प्रकाशित कृतींतला, हा संथ भाग आहे.

रचनेंतला एकहि स्वर यामुळें बदलला नाहीं. काल जी पानें वादकापुढें होतीं तींच आजहि आहेत. तरी पण कांहीं तरी बदललें, हें कोणीहि प्रांजळ श्रोता कबूल करील. तें जें बदललें तें काय, आणि तें बदलावें हें न्याय्य कीं अन्याय्य, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. कलाकृतीचें आणि कर्त्याच्या नांवाचें नातें काय, हा सौंदर्यशास्त्रांतला जुना वाद त्यांत आहे; शिवाय एका मनुष्याच्या देण्याघेण्याचा हिशोबहि त्यांत आहे. हा हिशोब नीट मांडावयाचा तर ज्याचें नांव पुसलें गेलें तो मनुष्य कोण होता, हें आधीं पाहिलें पाहिजे.

बेअर्मानचा जन्म १७८४ सालीं पॉट्सडाम येथें झाला. बाप शिपाईपेशाचा, तेव्हां मुलगा लहानपणींच तेथील लष्करी संगीतशाळेंत गेला आणि वयांत येतांच प्रशियाच्या राजरक्षकांच्या वाद्यवृंदांत वाजवूं लागला. प्रशियाचा राजपुत्र लुई फर्डिनांड हा स्वतः उत्तम संगीतज्ञ होता. त्यानें या तरुणाचे गुण हेरून त्याला बर्लिनमध्यें फ्रान्झ टाउश या नामांकित वादकापाशीं शिकावयास पाठविलें. पण १८०६ सालच्या ऑक्टोबरमध्यें झाल्फेल्डच्या लढाईंत तो राजपुत्र नेपोलियनच्या सैन्याशीं लढतां लढतां पडला, आणि बेअर्मान फ्रेंचांच्या हातीं सांपडला. कैदेंतून निसटून त्यानें दक्षिणेची वाट धरली व १८०७ सालीं म्युनिकच्या दरबारी वाद्यवृंदांत त्याला जागा मिळाली. तीच त्याची आयुष्यभराची नोकरी. इटली, पॅरिस, लंडन, रशिया असे दौरे त्यानें पुष्कळ काढले, परंतु घर म्युनिकलाच राहिलें आणि तेथेंच १८४७ सालीं त्याचा अंत झाला. आश्रयदाता गमावलेला, युद्धांतून वाचलेला, दरबारच्या पगारावर जगणारा असा हा कलावंत होता. बंडखोरीची एखादी कथा त्याच्या चरित्रांत शोधूं जाल तर मिळणार नाहीं.

आतां त्याच्या वाद्याविषयीं थोडें. आपल्याकडे क्लॅरिओनेट लग्नाच्या बँडमुळें परिचित आहे. पण वरातीच्या गोंगाटांत त्याचा खरा स्वभाव ओळखूं येणें कठिण. सुमारें १७०० सालीं न्युरेंबर्गच्या डेन्नर नांवाच्या कारागिरानें सिद्ध केलेलें हें वाद्य बोरूच्या एका पातळ पत्तीवर बोलतें. बासरींत जोरानें फुंकर घातली तर तोच स्वर वरच्या सप्तकांत निघतो. क्लॅरिओनेटचें तसें नाहीं. त्याची उडी बाराव्या स्वरावर पडते. त्यामुळें खालच्या आणि वरच्या प्रदेशांत बोटांची मांडणी निराळी होते आणि दोहोंच्या मध्यें एक दुबळा, फिका पट्टा राहून जातो. खालचा स्वर काळोखा, मधला निस्तेज, वरचा झगझगीत, असे तीन परके शेजारी एका नळींत नांदत असतात. जुन्या वाद्यांना किल्ल्या पांचसहाच असत. त्यांवर अर्धस्वर काढूं गेलें कीं ते कोंदट आणि बेसूर निघत. बेअर्मानचें वाद्य बर्लिनच्या ग्रीझलिंग आणि श्लॉट या कारखान्याचें, दहा किल्ल्यांचें होतें. त्या काळचे कित्येक वादक पत्ती वरच्या ओठाकडे धरीत, तर हा ती खालच्या ओठावर टेकवी. त्यानें स्वर मृदु होई आणि अगदी पुसट करीत नेतां येई. त्या तीन शेजाऱ्यांना एका कुटुंबांतलीं माणसें वाटावयास लावणें, हें त्याचें खरें कर्तृत्व.

ही केवळ स्तुति नव्हे. कार्ल मारिया फॉन वेबर यानें आपल्या रोजनिशींत बेअर्मानची आणि त्याचा प्रतिस्पर्धी हेर्मश्टेट याची तुलना करून ठेविली आहे. हेर्मश्टेट साधासुधा वादक नव्हता. लुडविग श्पोअर यानें चार कॉन्चेर्टो त्याच्यासाठीं लिहिले. तो वाद्याच्या प्रकृतीविरुद्ध जाऊन भयंकर अवघड जागा सर करी, हें वेबर मान्य करतो. पण त्याचा स्वर दाट, जवळजवळ घुसमटलेला आहे आणि वरपासून खालपर्यंत बेअर्मानसारखा एकजीव नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. अवघड गोष्ट करून दाखविणारा वादक आणि ती अवघड होती हेंच विसरावयास लावणारा वादक, यांतला भेद वेबरच्या कानानें अचूक पकडला होता.

वेबर १८११ सालच्या मार्चमध्यें म्युनिकला आला तेव्हां तो चोवीस वर्षांचा, कर्जानें आणि दुर्लौकिकानें गांजलेला तरुण होता. तेथें त्यानें बेअर्मानसाठीं एक छोटा कॉन्चेर्टिनो लिहिला. तो ५ एप्रिल रोजीं वाजविला गेला आणि बव्हेरियाचा राजा माक्सिमिलियन योझेफ इतका खूष झाला कीं, त्यानें आणखी दोन पूर्ण कॉन्चेर्टोंची मागणी केली. ते दोन्ही त्याच वर्षीं तयार होऊन वाजले. पहिला जूनमध्यें, दुसरा नोव्हेंबरमध्यें. वर्षाअखेर ही जोडी प्राग, ड्रेस्डेन, लाइप्झिग, बर्लिन अशा दौऱ्यावर निघाली. पुढें वेबरनें बेअर्मानसाठीं एक पंचवाद्यहि लिहिलें. पहिल्या कॉन्चेर्टोच्या संथ भागांत एके ठिकाणीं बाकीचा वृंद थांबतो व तीन हॉर्न आणि क्लॅरिओनेट एवढींच वाद्यें, जणूं रात्रीं रानांत भेटावीं तशीं, एकमेकांशीं बोलतात. त्या जागीं क्लॅरिओनेटला इतक्या हलक्या आवाजांत इतकें भरीव राहावें लागतें कीं, तसें वाजविणारा कोणी समोर नसता तर ही जागा सुचलीच नसती, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. दहा वर्षांनीं ‘देर फ्रायश्युट्स’ या संगीतिकेंत वेबरनें क्लॅरिओनेटच्या खालच्या काळोख्या स्वरांतून सैतानाची चाहूल दिली आणि तिच्या प्रस्तावनेंत त्याच वाद्याच्या वरच्या स्वरांतून प्रेमाची आर्तता. तो धडा त्यानें कोणापाशीं घेतला, हें निराळें सांगावयास नको.

तर मग हे कॉन्चेर्टो कोणाचे? मुखपृष्ठ म्हणतें वेबरचे, आणि तें खरेंच आहे. आपल्या नैयायिकांची परिभाषा वापरावयाची तर घटाला कुंभार हें निमित्तकारण आणि माती हें समवायिकारण. येथें कुंभार वेबर आहे. बेअर्मानचा स्वर ही माती. पण दृष्टान्त येथेंच लंगडा पडतो. माती आपोआप नदीकांठीं पडलेली असते. ही माती एका मनुष्यानें वर्षानुवर्षें स्वतःला मळून तयार केलेली होती. कुंभाराचें नांव घटावर असावें याबद्दल वाद नाहीं. परंतु ज्या मातीनें स्वतःच्या कष्टानें हा घट शक्य केला, तिला केवळ माती म्हणून सोडून देणें मला कृतघ्नपणाचें वाटतें. ‘अर्पण’ हा जो रिवाज आहे तो या ऋणाची फेड म्हणून फार तोकडा आहे. तो ऋण मान्य करतो, पण ऋणाचें स्वरूप सांगत नाहीं.

हें स्वरूप सांगण्याचा एक प्रकार मात्र मोठा मनोहर घडला. १८३२ सालच्या अखेरीस बेअर्मान आणि त्याचा मुलगा कार्ल हे रशियाकडे जातांना बर्लिनमध्यें थांबले होते. फेलिक्स मेंडेल्सोन त्यांचा स्नेही, आणि त्यांच्या हातच्या म्युनिककडच्या गोड पक्वान्नांचा लोभी. वाफेवर फुगविलेले गोळे आणि सायीची गुंडाळी हे दोन पदार्थ बापलेकांनीं करावेत, आणि ते शिजत असतां मेंडेल्सोननें त्यांना एक जोडरचना लिहून द्यावी, असा सौदा ठरला. रचना झाली, तिच्या हस्तलिखितावर मेंडेल्सोननें त्या पक्वान्नांचा आणि वाद्यांचा मिळून एक मिस्कील मथळा घातला, आणि तिचें नांव एका प्रसिद्ध लढाईवरून ठेविलें. विनोद खरा; पण कोणीं काय दिलें आणि त्याच्या मोबदल्यांत काय घेतलें, हें इतक्या सरळपणें सांगणारें शीर्षक मला दुसरें आठवत नाहीं.

येथवर बेअर्मानची बाजू घेणें सोपें आहे. परंतु त्याच्या घराण्यानें दुसऱ्याच्या पानावर हात टाकल्याचीहि नोंद इतिहासांत आहे, आणि ती वगळली तर आपली वकिली खोटी ठरेल. वेबरच्या त्या पहिल्या कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागांत वादकाच्या कौशल्याला वाव देणारी कांहीं पंक्तींची एक चमकदार जागा पिढ्यान्‌पिढ्या वाजविली जाते. ती वेबरनें लिहिलेली नाहीं. बेअर्मान ती वाजवीत असे, असें परंपरा सांगते. त्याचा मुलगा कार्ल हाहि म्युनिकचा थोर वादक व शिक्षक. त्याचा क्लॅरिओनेटचा क्रमिक ग्रंथ आजहि विद्यार्थी घोटतात. त्यानें १८७० च्या सुमारास वेबरच्या या कृतींची आवृत्ति काढली तींत ती जागा, आणि तिच्याबरोबर पुष्कळसे अलंकार, गति आणि जोर यांच्या सूचना, आंत गेल्या. घरांत चालत आलेलें वादन म्हणजेच कर्त्याचा हेतु, अशी त्याची श्रद्धा होती. वेबर १८२६ सालींच वारला होता. त्याला विचारणार कोण? नंतरच्या संपादकांनीं वेबरच्या हस्ताक्षरांतील पाठ वेगळा काढला आणि मग वादकांपुढें निवड आली: ती जागा वाजवावी कीं गाळावी?

कोणी म्हणेल, यांत काय मोठेंसें झालें? ज्याच्यासाठीं कृति लिहिली त्यानें चार पंक्ति घातल्या तर बिघडलें कोठें? वादक या नात्यानें त्या पंक्ति व्यासपीठावर वाजविण्याचा बेअर्मानला अधिकार होता, हें मलाहि मान्य आहे. त्या काळीं तो शिष्टाचारच होता, आणि वेबर समोर बसून तें ऐकूं शकत होता. पण वाजविणें निराळें आणि दुसऱ्याच्या नांवाखालीं छापून टाकणें निराळें. पहिल्यांत सर्वांना कळतें कीं हा अमक्याचा क्षण आहे. दुसऱ्यांत तो क्षण वेबरचा म्हणून कायम होतो. म्हणजे ज्या घराण्याचा अडाजिओ दुसऱ्याच्या नांवावर गेला, त्याच घराण्याचा एक तुकडा त्याच्या आधींच दुसऱ्याच्या नांवाखालीं जाऊन बसला होता, आणि तो स्वहस्तें. त्यांत चोरी नव्हती. उलट स्वतःचें नांव मागें घेण्याचा एक प्रकारचा निरहंकार होता. आपल्याकडे ‘तुका म्हणे’ या मुद्रेखालीं कोणाकोणाचे अभंग जाऊन बसले आहेत, याची चर्चा अभ्यासकांत जुनीच आहे. त्या अज्ञात कवींनींहि स्वतःचें नांव सोडलें तें भक्तीनेंच. पण भक्तीनें नांव सोडलें तरी ज्याच्या नांवाखालीं तें सोडलें त्याची वाणी गढूळ होते, ही गोष्ट राहतेच.

यावर कलावादी मित्रांचें उत्तर ठरलेलें असतें: नांवाला महत्त्वच देऊं नका, कृति ऐका, कर्ता विसरा. १९२९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथांत आय. ए. रिचर्ड्स यानें केंब्रिजच्या आपल्या विद्यार्थ्यांना कवींचीं नांवें काढून टाकलेल्या कविता दिल्या, आणि त्यांनीं जे अभिप्राय लिहिले ते छापले. सामान्य कवितांची वाखाणणी आणि थोर कवितांची हेटाळणी त्यांत विपुल आहे. यावरून पुष्कळांनीं असा धडा घेतला कीं, आपण एरव्हीं नांवाचीच पूजा करतों. मला तो धडा अर्धवट वाटतो. नांव काढून घेतल्यानें वाचकांची दृष्टि शुद्ध झाली, असें त्या अभिप्रायांवरून मुळींच दिसत नाहीं. ती केवळ अधांतरीं झाली. वर्गांत निनावी कविता दिली कीं विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतात तो ‘ही कोणाची?’ असा. त्यांत परीक्षेची धास्ती असते हें खरें, पण तेवढेंच नसतें. हें बोलणें कोणाच्या तोंडचें, हें कळल्यावांचून बोलण्याचा अर्थ लागत नाहीं, ही मनुष्यस्वभावाची साधी गरज त्यांत असते.

तो अडाजिओच घ्या. तो वाग्नरचा म्हणून ऐकणारा काय ऐकत असे? पुढें होणाऱ्या महापुरुषाच्या बाळपावलांचा आवाज. एखादा स्वर लांबला कीं त्याला ‘ट्रिस्टान’मधल्या अतृप्तीचें बीज दिसावें, एखादी साधी वळवणी त्याला भावी क्रांतीची सूचना वाटावी. म्हणजे जें तेथें नाहीं तें तो ऐकत होता, आणि ऐकल्याचा त्याला आनंदहि होत होता. आतां तीच रचना बेअर्मानची म्हणून ऐका. प्रत्येक वाक्य एका छातीच्या श्वासाएवढें मोजलेलें आहे, हें लक्षांत येतें. वाद्याचा कोणता प्रदेश कोठें गोड आणि मधला दुबळा पट्टा ओलांडतांना ओठांनीं काय करावें लागतें, हें ज्याच्या अंगीं मुरलें आहे अशा माणसानें ही लिहिली आहे, हें जाणवतें. ही भविष्याची चाहूल नव्हे. एका पुरत्या झालेल्या आयुष्याचें हें बोलणें आहे, आणि तें तेथें खरोखरच आहे.

म्हणून चुकीच्या नांवानें अन्याय होतो तो दोघांवर. मेलेल्या कलावंताचें श्रेय जातें, हा एक. त्याचें त्याला सुखदुःख नाहीं, असें म्हणून तो कदाचित् उडवून लावतां येईल. पण ऐकणाऱ्याचा कान त्यामुळें खोटा होतो, हा दुसरा. आणि तो जिवंत माणसावर होतो.

क्लॅरिओनेटच्या साहित्यांत असें प्रकरण हें एकटेंच नाहीं. वेबरच्या नांवानें दीर्घकाळ वाजत आलेली प्रस्तावना, विषय आणि विस्तार अशी एक रचना अखेर वुर्ट्सबुर्गच्या योझेफ क्युफ्नर याची निघाली. दोन्ही वेळां ओघ एकाच दिशेचा आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मोठ्याची कृति चुकून लहानाच्या नांवावर जाते असें क्वचित्. लहानाची मोठ्याकडे जाते. पाणी उताराकडे वाहावें तसें श्रेय चढणीकडे वाहतें.

मात्र एक आक्षेप असा आहे कीं तो मला सहज टाळतां येत नाहीं. वाग्नरचें नांव लागलें नसतें तर हा अडाजिओ आज वाजला असता काय? बेअर्मानच्या इतर कृति काय स्थितींत आहेत पाहा: क्लॅरिओनेटच्या अभ्यासकांखेरीज त्यांची विचारपूस कोणी करीत नाहीं. या एका भागाला चुकीचें नांव चिकटलें म्हणूनच तो छापला गेला, वादकांच्या हातीं पडला आणि लोकांच्या कानांत बसला. चुकीनें त्याला तारलें. मग चुकीचे आभार मानावयाचे काय? मला वाटतें, मानावे. पुरांत वाहून आलेल्या ओंडक्याला धरून जो वांचला त्यानें त्या ओंडक्याला नांवें ठेवूं नयेत. पण म्हणून त्यानें जन्मभर त्या ओंडक्यावरच राहावें, असें होत नाहीं. हल्लीं कित्येक ठिकाणीं या रचनेवर बेअर्मानचें नांव घालतात आणि त्याच्याखालीं ‘पूर्वीं वाग्नरची मानलेली’ अशी पुस्ती जोडतात. पुस्ती खरी आहे, इतिहास म्हणून आवश्यकहि असेल. तथापि प्रकाशकाचा डोळा इतिहासावर असतो कीं गिऱ्हाइकावर, अशी शंका मला त्या दुसऱ्या ओळीबद्दल नेहमीं येते.

तिच्यापेक्षां संपूर्ण पंचवाद्य वाजविणें अधिक चांगलें, आणि तसें तें वाजविणारे वादकहि आतां आहेत; त्यांनीं केलेलीं ध्वनिमुद्रणें मिळतात. तसें ऐकलें म्हणजे हा अडाजिओ निराळाच भासतो. एरव्हीं तो मखमलीवर ठेवलेल्या सुट्या रत्नासारखा समोर येतो; येथें त्याच्या अगोदर जलद भाग वाजवून आलेला वादक असतो. त्याचे ओठ थकलेले असतात, पत्ती भिजून मऊ पडलेली असते. अशा वेळीं त्याला अगदी हळू आवाजांत, न थरथरतां, तो पहिला लांब स्वर लावावा लागतो.